सलाईनच्या बाटलीखाली

हाताला किंवा पायाला सुई लावून, अंग फळीला बांधून ज्यांना पडून राहावं लागलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्या मुली ती सुई लावायला शिकताहेत त्यांनीही वाचावं. मी आधी त्या मुलींतली होते. एका दुपारी खाटेवर आले.

आजार पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. आज त्या नावाला फारसं कुणी घाबरत नाही, ते चांगलंच आहे. तेव्हा गावात पटकी आली म्हटलं की माणसं दारं लावून घ्यायची, आणि ज्यांचे सोयरे बाहेरगावी असत ती गाडी जुंपायची.

माझं घर

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं घर तुळजापूरचं. वडील शाळामास्तर होते, ते लवकर गेले. माझं लग्न झालं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा मुदतीच्या तापात गेला. मी माहेरी परत आले. थोरले भाऊ, अण्णा, लोहाऱ्याला तहसील कचेरीत कारकून होते आणि आम्हाला वडिलांच्या जागी होते. आई सोवळ्याओवळ्याची, करडी. या पोरीनं आता दिवसभर करायचं काय, हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. पण मी ओसरीवर आले की बोलणं थांबायचं, त्यावरून कळायचं.

अण्णांनीच एकदा सुट्टीवर आल्यावर विषय काढला. सरकार नर्सिंग शिकायला मुली घेतंय, राहायची सोय आहे, कमलला पाठवू या. आईनं पोळपाट बाजूला सारला, अण्णांकडं बघितलं.

"दुसऱ्याची घाण काढायला बहीण पाठवतोस, दत्तू?"

मग कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र गेले. मला तिथं आवडलं. घरात कुणी मला काही विचारत नसे. वॉर्डात सारखं कुणीतरी हाक मारत असे.

शाळेतला वॉर्ड

शिक्षण निम्मं झालं असेल, तेव्हा ऐन उन्हाळ्यात तेरणेच्या काठच्या गावांत पटकी आली. विहिरी आटून तळाला गेल्या होत्या. लोहाऱ्याची शाळा सुट्टीमुळं रिकामी होती, तिथं वॉर्ड उघडला. आम्हा शिकाऊ मुलींपैकी काहींना तिकडं पाठवलं. डॉक्टरसाहेब एकच, आणि आमच्यावर रत्नम्मा सिस्टर होत्या. त्या वरंगलकडच्या, मिशनमध्ये शिकलेल्या. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू त्या एकाच वाक्यात बोलायच्या आणि सगळ्यांना कळायचं.

सकाळी मास्तरांच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्या ट्रे मांडायच्या आणि आम्हाला एकेक वस्तू उचलून नाव विचारायच्या. सलाईनची काचेची बाटली. तिच्या बुचात घालायच्या दोन सुया, एक नळीची आणि एक हवा आत जाण्यासाठी. हवेची सुई विसरली की बाटली भरलेली असूनही थेंब पडत नाही. लांब रबरी नळी. मधे काचेचा लहानसा फुगा, तो ड्रिप चेंबर. थेंब मोजायचे ते त्यात बघून. वेग कमीजास्त करायचा पेच, तो क्लॅम्प. दंडाला आवळायचा रबरी पट्टा, तो टूर्निकेट. हात बांधायची फळी, ती स्प्लिंट. आणि शिरेत जायची सुई. ती त्या काळी फेकून देत नसत. उकळायची, बोथट झाली की दगडावर धार लावायची, पुन्हा उकळायची.

"नाम मालूम असला तर हात थरथरत नाय," सिस्टर म्हणायच्या.

भिंतीवर नकाशे टांगायचे खिळे होते, बाटल्या आम्ही त्यांनाच लटकवल्या. खाटांना मधोमध भोक, खाली बादली. चुन्याचा आणि फिनेलचा वास. माणसं यायची तेव्हा डोळे खोल गेलेले, बोटं धोब्याच्या हातासारखी सुरकुतलेली, आवाज घशातच राहिलेला. बाटल्या चढल्या की काही तासांत तीच माणसं उठून बसायला बघायची. मेलेलं माणूस उठताना बघावं तसं ते वाटायचं. सगळी उठत नव्हती.

ती दुपार

माकणीकडची सोजर नावाची बाई कोपऱ्यातल्या खाटेवर होती. तिची बाटली मी बदलत होते. पोटात एकदम काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. मागच्या पडवीत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा खाली बघितलं तर तांदळाच्या धुवणासारखं पाणी.

मी ते रोज बादल्यांनी बघत होते. कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी मी परत आत आले आणि सोजरची बाटली नीट टांगली. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. हातातलं काम टाकलं की आजार खरा होईल, असं काहीतरी मनात असेल. मग पोटऱ्यांत गोळे आले आणि मी खाटेचा कठडा धरून खाली बसले.

सोजर म्हणाली, "सिस्टर, ओ सिस्टर, ही पोर पांढरी पडली बगा."

रत्नम्मा सिस्टर आल्या. माझी पापणी ओढून बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी मला उचलून सोजरच्या शेजारच्या खाटेवर ठेवलं.

शीर बसली

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तहान आठवते. जीभ लाकडासारखी झाली होती. एका जागी पडवेना. डोकं या कुशीवर, त्या कुशीवर, पाय वर, पाय खाली. हात धरायला दोघी लागल्या. पट्टा आवळला, सुई टोचली, काढली, दुसऱ्या हाताला टोचली. सुईजवळच्या काचेच्या जोडात रक्त दिसायला हवं, ते दिसेना; अंगातलं पाणी गेलं की शीर चपटी होऊन बसते.

"शीर बसली," डॉक्टरसाहेब म्हणाले. "घोट्यापाशी उघडू. कट-डाऊन."

तो शब्द मला माहीत होता. घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी कापायची, शीर उघडी करायची, तिला बारीक छेद द्यायचा, त्यातून नळी आत सरकवायची आणि दोऱ्यानं बांधायची. आठ दिवसांपूर्वी मी कंदील धरून ते बघितलं होतं. सिस्टर म्हणत की नाव माहीत असलं की हात थरथरत नाही. ते हातांचं झालं. पाय थरथरत होता. पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि शेजारच्या खाटांवरच्या बायांना ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला.

"कमल, मेरे कू देख," सिस्टरांनी माझं तोंड आपल्याकडं वळवलं. "पाय की तरफ नक्को देख. तुझं गाव सांग. घरात कोण कोण?"

"आई," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही.

पहिली बाटली भराभर गेली, दुसरी गेली. तिसरीला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. याला आम्ही रिॲक्शन म्हणत असू. बाहेर लोहाऱ्याचं ऊन तापलेलं आणि माझ्यावर चार घोंगड्या. सिस्टरांनी क्लॅम्प आवळून थेंब कमी केले, गरम पाण्याच्या बाटल्या पायाशी ठेवल्या. हळूहळू थंडी गेली.

मग माझा आवाज परत आला. त्या आवाजात मी पहिल्यांदा काय म्हणाले असेन? "चेंबरमध्ये हवा आलीय का बघा."

सिस्टर हसल्या. "जी गयी लडकी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

त्यांना तसं वाटलं, मलाही वाटलं. जुलाब थांबले, नाडी लागली. पण खरी परीक्षा पुढं होती.

बातमी

अण्णांची कचेरी गावातच. त्यांना कळलं तसे ते आले, आणि तुळजापूरच्या एसटीतून आईला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी आई आली. वर्गाच्या दारात थांबली. आत सगळ्या जातींच्या बाया, बादल्या, चुना. तिनं पदर नाकाला लावला नाही, एवढं मला आठवतं. सरळ खाटेपाशी आली, माझ्या पायातली नळी बघितली, वरची बाटली बघितली, आणि अण्णांकडं वळली.

"घातलीस ना तिला इथं? झालं समाधान?"

अण्णा टोपी हातात घेऊन उभे राहिले.

आईनं वॉर्डातल्या पिंपातलं पाणी घेतलं नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, ती तशीच. सिस्टरांनी बघितलं. त्या रागावतील असं मला वाटलं. त्यांनी शाळेमागं तीन दगड मांडून दिले.

"आई, तुमचा तांब्या, तुमचा चूल्हा, तुमचे हात. मी शिवत नाय. पर पाणी उकळूनच प्यायचं. नाय तर इस के बाजू में तुमची खाट."

आईनं पाणी उकळलं आणि प्याली. आईचा सिस्टरांवर पुढं जो विश्वास बसला तो इथून सुरू झाला असं मला वाटतं.

लघवी

पटकीतून वाचलेल्या काही माणसांची लघवी बंद होते. अंगातलं पाणी जातं, रक्ताचा जोर जातो, आणि त्या काळात मूत्रपिंडं बंद पडतात. बऱ्याचदा ती पुन्हा चालू होतात. होत नाहीत तेव्हा माणूस जातो. आज त्यावर यंत्रं आहेत. तेव्हा वाट बघणं होतं.

मला लघवीच झाली नव्हती. नळी घालून बघितलं, आत काही नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी आता पाणी बंद केलं. आदल्या दिवशी बाटल्यांवर बाटल्या ओतल्या होत्या, आणि आता म्हणे घोट घोट मोजून. शिरेत फक्त ग्लुकोज, तेही अगदी सावकाश. जास्त गेलं तर फुप्फुसांत साठेल. मला हे सगळं कळत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर लिहिलं असतं. पण तहान लागली होती, आणि डोक्यावर भरलेली बाटली लटकत होती.

मी थेंब बघायची. एक पडायचा, मग इतका वेळ जायचा की दुसरा पडणारच नाही असं वाटायचं. मग तो पडायचा. डोळे मिटले तरी थेंब दिसायचे. पाय बांधलेला, कूस वळता येत नाही, पाठीत मुंग्या. उचक्या लागल्या त्या थांबेनात. चादर चुरगाळायची, सोडायची, पुन्हा चुरगाळायची. कुणी बोललं तर नको वाटायचं, गप्प बसलं तर अधिक नको वाटायचं. मी आईला म्हणाले, जा. ती उठली की म्हणाले, कुठं चाललीस? आजारी माणूस शहाण्यासारखं वागतं असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आई उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून माझे ओठ पुसायची. एका वेळेला एक बोळा. मी तो चोखायला बघायची, ती काढून घ्यायची. तिच्या हाताला ते करताना काय वाटलं असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

अण्णांची पंचाईत वेगळीच होती. कचेरीत जायच्या आधी आणि सुटल्यावर ते यायचे. विचारायचं एकच होतं, आणि थोरल्या भावानं बहिणीला ते विचारायचं कसं? ते म्हणायचे, "काय, बरं आहे ना? बाकी सगळं... ठीक?" आणि सिस्टरांकडं बघायचे. सिस्टर नकारार्थी मान हलवायच्या. मग ते बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे.

सोजरला असली अडचण नव्हती. ती सुधारली होती, उठून बसत होती. सकाळी डोळे उघडले की तिचं पहिलं बोलणं तेच.

"मुतलीस का न्हाय गं?"

"नाही, सोजरबाई."

"मूत की बाई एकदाची. म्या घरी जायाचं थांबलेय. तुला आशी टाकून कशी जाऊ?"

ती खरंच थांबली होती. तिचा मालक गाडी घेऊन आला, तिनं त्याला परत पाठवलं. सगळा वर्ग वाट बघत होता. ज्या बायांची नावं मला माहीत नव्हती त्याही विचारायच्या.

एका दुपारी आई आणि अण्णा माझ्या उशाशी भांडले. दबक्या आवाजात, पण मला ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणत होते, मोठ्या दवाखान्यात हलवावं तर रस्त्याच्या हादऱ्यांत जीवच जाईल, न हलवावं तर इथं आणखी काही करण्यासारखं नाही. अण्णा म्हणत हलवू या. आई म्हणत होती, न्यायचंच तर घरी न्या. घरी म्हणजे कशाला, ते तिनं सांगितलं नाही. अण्णांना कळलं. ते म्हणाले, "आई, तू तिला मेलीच धरलीस का?"

"तू बोलू नकोस. तुझ्या हौसेपायी पोर गेली माझी."

मला ओरडायचं होतं की मी अजून इथं आहे. उचकीनं शब्दच तोडला. सिस्टर मधे आल्या. त्या दोघांना त्यांनी काही समजावलं नाही. माझ्या पायाची पट्टी सोडली, कापलेल्या जागी सूज आहे का बघितलं, पुन्हा बांधली, बाटलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मी इस कू कहीं नाय पाठवत. दो रोज और."

त्यांना खात्री होती का? पुढं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खात्री कैसी? पर कोणीतरी बोलायला पाहिजे होतं."

सकाळ

त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाच्या खाली जडपणा आला. मी कुणाला सांगितलं नाही. आधीही दोनदा वाटलं होतं आणि काही झालं नव्हतं. आई शेजारी बसून जप करत होती. शेवटी मी म्हणाले, "आई, भांडं."

सिस्टर दुसऱ्या वर्गात होत्या, बाकीच्या मुली कामात. आईनं इकडंतिकडं बघितलं. मग माळ गळ्यात घातली, स्वतः उठली, कोपऱ्यातलं बेडपॅन उचललं आणि माझ्या खाली सरकवलं. दुसऱ्याचा पाण्याचा पेला न शिवणारी माझी आई.

आवाज आला. थोडासाच. आईनं वाकून बघितलं. गडद, चहाच्या रंगाची, अर्धी वाटी असेल नसेल. तिनं ते भांडं दोन्ही हातांत धरलं आणि दारातून चालत सिस्टरांकडं गेली. मधे कुणी घ्यायला आलं तरी दिलं नाही.

सोजर खाटेवर उभी राहिली. "मुतली गं बाया, मुतली," तिनं सगळ्या शाळेला सांगितलं.

मला लाज वाटायला हवी होती. मी रडत होते आणि हसत होते, आणि उचकी चालूच होती.

संध्याकाळपर्यंत आणखी झाली. पुढच्या दोन दिवसांत तर इतकी की आता जास्त जाते म्हणून सलाईन वाढवावं लागलं. घोट्यातली नळी काढली त्या दिवशी सोजर गाडीत बसून माकणीला गेली. जाताना माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "येते. आता फुकटची पडून ऱ्हाऊ नगंस."

तुळजापूर

अण्णांनी मला घरी आणलं. आता हे नर्सिंग बास, असं त्यांनीच वाटेत सांगितलं. "माझं चुकलं. तू घरी राहा. मी आहे."

वाद घालायची अंगात ताकद नव्हती. घरी पेज, मऊ भात, ताक. पुष्कळ माया मिळाली. पण अंग भरायला लागलं तशी मनाची तगमग सुरू झाली. ही आजारातली नव्हती. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर. बसलं की उठावंसं वाटे. बायका बघायला यायच्या, हळहळायच्या, जायच्या. माझ्याशी बोलताना त्या माझ्याकडं न बघता आईकडं बघायच्या. शाळेतल्या खाटेवर मी मरायला टेकले होते, पण तिथं साऱ्या बाया मला विचारत होत्या. इथं मी ठणठणीत होते.

एका दुपारी मी आईपाशी गेले. ती वाती वळत होती.

"आई, मला परत..."

"थांब," ती म्हणाली. मान वर केली नाही. "जायचं तर जा. पण मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नाही म्हणेन, आणि मग तुला राहावं लागेल."

मी विचारलं नाही.

अण्णा रागावले, मग पेटी उचलून स्टँडवर सोडायला आले. एसटी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले. इंजिनाचा आवाज मोठा होता म्हणून त्यांनीही आवाज चढवला. "कमल, लघवी नीट होते ना आता?" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. अण्णांच्या लक्षात आलं, ते कानापर्यंत लाल झाले. मी मान हलवून हो म्हणाले. असं विचारणारा भाऊ असायला नशीब लागतं.

पुन्हा कामावर

तुम्ही आजारी असाल तर मला एवढंच सांगता येईल. तगमग होते, ती तुमच्या स्वभावाचा दोष नाही. घरची माणसं भांडतात ती बहुतेक भीतीनं भांडतात. आणि तुमच्यासाठी थांबणारं कुणी कधी कधी शेजारच्या खाटेवरही असतं.

वॉर्डात परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक म्हातारी आली. पटकी नव्हती, उलट्यांनी गळून गेली होती. सिस्टरांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. मी पट्टा आवळला, शीर चाचपली, सुई घातली. काचेत रक्त दिसलं. पट्टा सोडला, थेंब सुरू केले, हात फळीला बांधला.

म्हातारीची चुळबुळ थांबेना. उशीवर डोकं इकडून तिकडं.

"किती येळ आसं पडून ऱ्हायाचं, बाई?"

आम्हाला शिकवलेलं उत्तर 'थोडाच वेळ' असं होतं.

"ठाऊक नाही, आजी," मी म्हणाले. "बराच वेळ लागेल."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग मोकळा हात माझ्याकडं केला. मी स्टूल ओढून घेतलं आणि तिच्याजवळ बसले.